कंट्रोलची डिश हिरवी का झाली

मे महिन्यातली गोष्ट. पुण्यात उन्हाचा नुसता जाळ आणि मला कॉन्फोकल मायक्रोस्कोपचा स्लॉट मिळालेला दुपारी दोन ते सहा. आमच्याकडे हा स्लॉट मिळवायला आठवडाभर आधी नाव लावावं लागतं, त्यामुळे सेल्स दोन दिवस आधीपासून तयार करून ठेवल्या होत्या. माझं काम ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरवर आहे, म्हणजे कॉर्टिसॉल नावाचं आपल्या शरीरातलं स्टेरॉइड हार्मोन ज्या प्रोटीनला जाऊन चिकटतं ते प्रोटीन. त्याला जीएफपी या हिरवं चमकणाऱ्या प्रोटीनचं शेपूट जोडलंय, त्यामुळे सेलमध्ये तो कुठे बसलाय ते डोळ्यांनी दिसतं. हार्मोन नसेल तर तो बाहेरच्या सायटोप्लाझममध्ये असतो, सगळी सेल हिरवी आणि मधे न्यूक्लियसच्या जागी काळं भोक. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखं कृत्रिम स्टेरॉइड टाकलं, अगदी १०० नॅनोमोलर, की पंधरा-वीस मिनिटांत तो सगळा आत सरकतो आणि ते काळं भोक हिरवंगार होतं. हे मी शंभर वेळा तरी बघितलं असेल पण अजूनही दर वेळी खुर्चीत पुढे सरकून बघते.

त्या दिवशी पहिली डिश होती कंट्रोलची, हार्मोनचा थेंबही न घातलेली. ती लाइव्ह चेंबरमध्ये, म्हणजे मायक्रोस्कोपवरच सेल्स उबदार ठेवणाऱ्या कप्प्यात, ठेवली आणि नेमकं सॉफ्टवेअर हँग झालं, मशीन बंद-चालू करून लेझर परत गरम होईपर्यंत पाऊण तास गेला, मग आमच्या गाइड मॅडमचा फोन आला म्हणून वर जाऊन आले, असं करत करत डिश तिथे सव्वा-दीड तास बसून राहिली. परत येऊन फोकस केला आणि बघते तर प्रत्येक सेलचा न्यूक्लियस हिरवा. एखाददुसरी सेल नाही, सगळ्या.

पोटात गोळाच आला. पुढच्या आठवड्यात कमिटीसमोर हेच फोटो दाखवायचे होते आणि कंट्रोलच असा वागला तर मागचे सहा महिने कुठल्या तोंडाने दाखवणार. पहिला संशय सीरमवर गेला. आपण सेल्सना जे वासराचं सीरम घालतो त्यात मुळातच थोडं कॉर्टिसॉल असतं, म्हणून या प्रयोगासाठी कोळशाने गाळलेलं सीरम वापरतात, कोळसा स्टेरॉइड शोषून घेतो. मला वाटलं चुकून साधं सीरम पडलं असणार. दुसरा संशय पिपेटवर, डेक्सामेथासोनचा अंश कुठूनतरी आला असेल, कारण या रिसेप्टरला फारच थोडं पुरतं. मग धावत खाली गेले, इनक्युबेटरमधून त्याच बॅचची, त्याच बाटलीतलं मीडियम घातलेली दुसरी डिश आणली आणि साध्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघितली. तिच्यात न्यूक्लियस काळेच, जसे असायला हवेत तसे! म्हणजे सीरम बरोबर होतं, पिपेट बरोबर होती, हार्मोन कुठेच नव्हतं आणि तरी वरच्या डिशमधला रिसेप्टर आत गेला होता.

मग टेबलाखाली वाकून चेंबरचा टेंपरेचर कंट्रोलर बघितला. ४३ डिग्री, असायला हवं ३७.

माझ्या आधी शेजारच्या लॅबमधली एक मुलगी सेल्सना मुद्दाम ताप देऊन शूट करत होती आणि सेटिंग तसंच राहिलं होतं. तो डबा टेबलाखाली, त्याचा आकडा स्क्रीनवर येत नाही, आणि मीही बसण्याआधी बघितला नव्हता. मला डिश टाकून द्यायची होती. मॅडमना फोन करून सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं फेकू नकोस, आधी फोटो घे, मग सांचेझचा १९९२चा पेपर काढून वाच." म्हणून आधी फोटो घेतले, जेवढे घेता येतील तेवढे.

पेपर वाचला आणि अंगावर काटा आला. त्यात अगदी हेच होतं, हार्मोन नाही, फक्त हीट शॉक, म्हणजे तापाचा झटका, आणि रिसेप्टर न्यूक्लियसमध्ये. मी तीन वर्षं या रिसेप्टरवर काम करतेय आणि हा पेपर वाचला नव्हता, कारण माझ्या डोक्यात हीट शॉक प्रोटीन हा वेगळा विषय आणि हार्मोन रिसेप्टर वेगळा असे दोन कप्पे होते.

खरं तर नावामुळे सगळा घोळ होतो. १९६२मध्ये रितोस्सा नावाचे शास्त्रज्ञ इटलीत नेपल्सला फळमाशीच्या क्रोमोसोमवर काम करत होते, लॅबमधल्या कुणीतरी इनक्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं आणि त्यांना क्रोमोसोमवर नवेच फुगवटे दिसले, म्हणजे एरवी गप्प असलेली जीन्स जोरात चालू झाली होती. त्या जीन्सपासून बनणारी प्रोटीन्स पुढे सापडली आणि हीट शॉक प्रोटीन हे नाव पडलं. त्यामुळे वाटतं की ही ताप आल्यावर धावून येणारी प्रोटीन्स. पण त्यातलं एचएसपी९० घ्या, ते कुठलाही ताप नसताना निरोगी सेलमध्येसुद्धा एकूण प्रोटीनच्या एक-दोन टक्के असतं. एवढं प्रोटीन सेल उगाच सांभाळत नाही. १९८५मध्ये फ्रान्समध्ये बोल्यू यांच्या गटाने आणि अमेरिकेत प्रॅट आणि टॉफ्ट यांच्या गटाने दाखवलं की स्टेरॉइड रिसेप्टरबरोबर कायम एक ९० किलोडाल्टनचं प्रोटीन चिकटून येतं ते दुसरं तिसरं कुणी नसून हेच हीट शॉक प्रोटीन आहे. बोल्यूंकडचं काम कोंबडीच्या बीजवाहिनीतल्या रिसेप्टरवर होतं.

इंग्रजीत या प्रोटीन्सना शॅपरोन म्हणतात. मला मराठीत पाठराखीण हाच शब्द पटतो. मी दहा वर्षांची असताना चुलत बहिणीची पाठराखीण म्हणून तिच्या सासरी गेले होते. काम काय, तर काहीच नाही, तिच्याबरोबर बसायचं, ती जेवली का बघायचं, चार दिवसांनी ती तिथे रुळली की आपण परत यायचं. रिसेप्टरचं तसंच आहे, फक्त इथे पाठराखणी बऱ्याच असतात आणि एकीकडून दुसरीकडे सोपवणं चालतं. आधी एचएसपी७० त्याला धरतं, आणि गंमत म्हणजे ते त्याची हार्मोन बसायची खोबणी चक्क उलगडून टाकतं, म्हणजे त्या क्षणी रिसेप्टर निकामी असतो. मग हॉप नावाचं प्रोटीन मधे उभं राहून त्याला एचएसपी९०च्या हातात देतं, एटीपी हे सेलचं इंधन खर्च होतं, पी२३ नावाचं प्रोटीन येऊन ती पकड पक्की करतं, आणि खोबणी परत नीट घडते, हार्मोनसाठी तयार. २०२२मध्ये कॅलिफोर्नियातल्या अगार्ड यांच्या लॅबने या पायऱ्यांची क्रायो-ईएमने, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने, चित्रंच काढली, ती बघून मी रात्री दोनपर्यंत जागी होते. मुद्दा असा की ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला एचएसपी९०ने धरलेलं नसेल तर हार्मोन समोर असूनही तो ते नीट पकडू शकत नाही. पुस्तकात आम्ही शिकलो की एचएसपी९० त्याला अडवून धरतं. अडवणं हा शब्दच चुकीचा आहे असं मला आता वाटतं, ते त्याला तयार ठेवतं.

आणि हार्मोन आलं की एचएसपी९० लगेच सुटून जातं हेही जुनं चित्र झालं. सोबतच्या प्रोटीन्समध्ये अदलाबदल होते, एफकेबीपी५१ जाऊन एफकेबीपी५२ येतं, ते डायनीन नावाच्या मोटरशी जोडून देतं आणि एचएसपी९०सकट सगळी वरात न्यूक्लियसकडे निघते.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. तिला दम्यासाठी ब्युडेसोनाइडचा पंप आहे आणि ती दर महिन्याला विचारते, स्टेरॉइड वाईट असतं ना गं, बंद करू का. मी तिला सांगितलं की तू जो पंप घेतेस तो याच रिसेप्टरवर जाऊन बसतो, आज मी त्यालाच बघत होते. ती म्हणाली, "मग नीट बघ बाई." पंप चालू आहे, माझ्या दृष्टीने तेवढं पुरे.

मग आम्ही ठरवून प्रयोग केला. शेजारच्या लॅबमधली ती मुलगी येऊन सॉरी ताई सॉरी ताई करत होती, तिलाच बरोबर घेतलं कारण तापाचं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. चार गट केले, ३७ डिग्री, ३७ आणि हार्मोन, ४३ डिग्री, ४३ आणि हार्मोन. नुसती जागा बघून भागणार नव्हतं, आत गेलेला रिसेप्टर काम करतो का ते बघायचं होतं, म्हणून ल्युसिफरेज रिपोर्टर घातला, जीन चालू झाली की काजव्याचं एन्झाइम बनतं आणि ट्यूब उजळते. इथे मॅडमनी वेळेवर थांबवलं. काजव्याचं ल्युसिफरेज स्वतःच ४३ डिग्रीला कोलमडतं आणि त्या तापात सेलचं नवीन प्रोटीन बनवणंही मंदावतं, त्यामुळे लगेच मोजलं असतं तर अंधार दिसला असता आणि आम्ही भलताच अर्थ काढला असता. म्हणून ताप दिल्यावर सेल्स रात्रभर ३७ला ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी मोजलं.

मायक्रोस्कोपखाली दोन्ही ४३च्या डिशमध्ये न्यूक्लियस हिरवे, अपेक्षेप्रमाणे. माझा अंदाज असा होता की तापामुळे सेलभर प्रोटीन्स विस्कटतात, एचएसपी९० आणि ७० तिकडे धावतात आणि रिसेप्टर एकटा पडतो. मॅडम म्हणाल्या, असेलही, पण फोटोत फक्त जागा दिसते, कोण कुणाला सोडून गेलं ते दिसत नाही, त्यासाठी पुलडाउन कर, म्हणजे रिसेप्टर ओढून काढून त्याला कोण चिकटलंय ते बघ. बरोबर आहे. सोडियम मॉलिब्डेट घातलेला बफर करून ठेवलाय, त्याने सेल्स फोडतानाही ही जोडी टिकून राहते, तो प्रयोग पुढच्या सोमवारी.

ल्युमिनोमीटरसमोर, म्हणजे ट्यूबचा उजेड मोजणाऱ्या यंत्रासमोर, आम्ही दोघी बसलो होतो. ३७ला काही नाही. ३७ आणि हार्मोन, चांगला आकडा. फक्त ४३, जिथे रिसेप्टर डोळ्यांदेखत न्यूक्लियसमध्ये जाऊन बसला होता, तिथे जवळजवळ शून्य, परत लावली तरी शून्य. सांचेझ यांच्या गटालाही तेच दिसलं होतं, हार्मोनशिवाय तो आत जाऊन गप्प बसतो. शेवटची ट्यूब ४३ आणि हार्मोनची, तिचा आकडा नुसत्या हार्मोनपेक्षा वर गेला आणि ती मुलगी उठून उभीच राहिली, म्हणाली ताई परत लाव. परत लावली. तेवढाच आला.