ऑनर मोडला कुठला क्लास घेऊ?

चवथीला घर भरलेलं असतं. आरती आटोपते, नेवऱ्यांचं ताट फिरतं आणि भाच्याचे मित्र मला कोपऱ्यात गाठतात. ‘मामा, बाल्डर्स गेट ३, ऑनर मोड. क्लास कुठला घेऊ?’ बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटरवरचा खेळ, ऑनर मोड ही त्यातली सगळ्यात अवघड पातळी आणि क्लास म्हणजे तुमच्या पात्राचा पेशा. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच लिहून टाकतो.  

ऑनर मोड नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. जपून ठेवलेला खेळ एकच, मागे जाऊन पुन्हा प्रयत्न नाही. तुमची चारही पात्रं आडवी झाली की खेळ खलास. वर बॉस मंडळींना तुमच्या टर्नमध्येही (पाळीतही) हात चालवायची मुभा! म्हणून पोरं आधी डॅमेजचा हिशेब मांडतात. मी बघतो ते एवढंच, की आपली टर्न आधी येते का आणि आलेली फुकट जात नाही ना.

हा खेळ ज्यावर बेतलाय त्या टेबलावरच्या डी अँड डीत (डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये) कोण आधी खेळणार हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. इथे चार बाजूंच्या. म्हणजे नशीब फार तर ४ देणार. ‘अलर्ट’ फीट (ठरावीक लेव्हलना निवडायचं खास कसब) सरळ ५ देतं, शिवाय तुम्हाला कोणी बेसावध गाठू शकत नाही. तरी चौथ्या लेव्हलला, फीट निवडायची वेळ आली की, पोरं डोळे झाकून त्याऐवजी मुख्य ॲबिलिटी (ताकद, चपळाई वगैरेंचा आकडा) वाढवतात. मी निदान दोघांना अलर्ट देतोच, त्यातला एक बार्ड, म्हणजे गाण्या-वाजवण्यातून जादू करणारा. त्याने सुरुवातीलाच हिप्नॉटिक पॅटर्न हा गुंगवणारा मंत्र टाकला आणि समोरचे निम्मे जरी गुंगले, तरी लढाई आपल्या हातात येते.

हेस्टचं, म्हणजे साथीदाराला दर टर्नला एक जादा ॲक्शन (कृती) देणाऱ्या मंत्राचं, वेड मात्र मला कळत नाही. टाकणाऱ्याला मार बसला, कॉन्स्टिट्यूशनची (दमाची) सेव्ह, म्हणजे तग धरण्यासाठी टाकायचा फासा, हुकली, की मंत्र तुटतो आणि ज्याच्यावर टाकला तो बिचारा एक टर्न नुसता उभा. त्यात ऑनर मोडमध्ये हेस्टच्या जादा ॲक्शनला वार एकच. त्यापेक्षा ब्लेस हा मंत्र बरा: तिघांना मदत, हल्ल्यातही आणि सेव्हमध्येही. मंत्र धरून ठेवणाऱ्याची पहिली लेव्हल सॉर्सररची (अंगभूत जादू असलेल्याची) घ्या, पुढे त्याला काहीही करा. कॉन्स्टिट्यूशन सेव्हची प्रोफिशियन्सी (त्या फाशावर मिळणारी भर) सुरुवातीच्या क्लासमधूनच मिळते.

स्ट्रेंग्थवर (ताकदीवर) पॉइंट उधळू नका. हिल जायंटचं एलिक्सर (जादूचं औषध) प्यायलं की लाँग रेस्टपर्यंत (तळावरच्या पुढच्या झोपेपर्यंत) स्ट्रेंग्थ २१. ८ वरून सुरू केलेल्यालाही. उरलेले पॉइंट डेक्स्टेरिटी (चपळाई) आणि कॉन्स्टिट्यूशनला घाला. हे एलिक्सर खेळात भेटणारी एथेल आजी विकते, तेव्हा तिच्याशी भांडण उकरायची घाई नको.

वॉरलॉकच्या (करार करून जादू मिळवलेल्याच्या) पॅक्ट ऑफ द ब्लेडमधून मिळणाऱ्या जादा वारावर पॅलाडिनचा (शपथ घेतलेल्या योद्ध्याचा) जादा वार चढवायची युक्ती टॅक्टिशियन या खालच्या पातळीत चालते, ऑनरमध्ये नाही. जुने व्हिडिओ बघून पात्र घडवणारे इथेच फसतात.

आणि क्लास? बार्ड, क्लेरिक (देवाच्या कृपेने मंत्र टाकणारा), एक फायटर, चौथा तुमच्या हौशीचा. नाहीच जमलं तर तुमच्या तळावरच्या विदर्स या पात्राला १०० सोन्याची नाणी द्या आणि क्लास बदलून घ्या.