रस्त्याच्या कडेच्या पायवाटा

मॉस्कोत मराठी पर्यटकांसाठी मी दुभाषीचं काम करते. त्रेत्याकोव्ह चित्रदालनात लेव्हितानच्या चित्रांपाशी माझं बोलणं एरवी पाच मिनिटांत आटपतं. इसाक लेव्हितान, जन्म १८६०, गरीब ज्यू घर, आईवडील लवकर गेलेले. साध्या माळरानातून, पाण्यातून मनाची अवस्था रंगवणारा. मग पुढची खोली.

त्या दिवशी गटात चित्रकलेच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. नजर मधोमध गेलेली, कडेचं तेवढं दिसायचं. लेव्हितानच्या ‘व्लादिमिरका’ या चित्रासमोर त्यांनी माझा दंड धरला. “माहिती नंतर दे गं. आधी दिसतंय काय ते सांग.”

मी सांगू लागले. आभाळ भरून आलंय, पण पाऊस नाही. खाली सपाट हिरवं रान आणि मधून थेट क्षितिजापर्यंत गेलेला रुंद कच्चा रस्ता.

“नुसता रस्ता?”

“दोन्ही बाजूंनी पायवाटाही आहेत, बाई. रस्त्याला धरूनच चाललेल्या.”

त्या थांबल्या. “गाडीवाटेवर चाकोऱ्या पडतात, चिखल होतो. म्हणून चालणारी माणसं कडेनं जातात. त्या वाटा पायांनी पडल्यात. कोण चालायचं इथून?”

बेड्या घातलेले कैदी, मी म्हटलं. याच रस्त्यानं त्यांना पायी सैबेरियाला नेत. चित्र १८९२चं, आणि त्याच वर्षी ज्यू म्हणून लेव्हितानला मॉस्को सोडायला लावलं. पहिल्यांदा हाकललं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. दुसऱ्या वेळी नावाजलेला चित्रकार होता, तरीही. मित्रांनी खटपट केली तेव्हा परत येता आलं.

हे सगळं मला पाठ होतं. पण त्या पायवाटा पायांनी पडल्यात, हे इतक्या वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं. मला गलबलून आलं.

“आत्ता रस्त्यावर कुणी आहे?”

नाही म्हणणार होते, पण पुन्हा पाहिलं. दूर, वाटेकडेच्या छोट्या देवखांबापाशी एक बाई उभी आहे. एवढीशी, एकटी. तसं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

बाहेर पडताना त्यांनी विचारलं, “शेवटी राहू दिलं त्याला या शहरात?”

तो इथंच गेला, १९०० साली, चाळिशी पुरी व्हायच्या आत. आधी ज्यू दफनभूमीत पुरलं. १९४१ मध्ये अवशेष नोवोदेविची दफनभूमीत हलवले, त्याचा मित्र, लेखक चेखवच्या जवळ.

नोवोदेविची आमच्या कार्यक्रमात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गट नाश्त्याला बसला असताना, मी बाईंना टॅक्सीनं तिथं घेऊन गेले.