फोर्कलिफ्टवरची पाटी कोण वाचतो?

फोर्कलिफ्ट चालकांच्या प्रशिक्षणाचा पहिला तास मी वर्गात घेत नाही. सगळ्यांना थेट गाडीपाशी नेतो आणि तिच्यावरची क्षमतेची पाटी वाचायला सांगतो. बहुतेक वेळा ती पाटी ग्रीस आणि धुळीच्या थराखाली गेलेली असते, आणि चिंधीने पुसून काढल्यावर अनेक वर्षे गाडी चालवलेली माणसेही तिच्यावरचा एकच आकडा मोठ्याने वाचतात: २५०० किलो. त्याच्या शेजारी लिहिलेले ५०० मिलिमीटर आणि माल उचलण्याची उंची यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. चालक गाडी सफाईने फिरवू लागला म्हणजे तो तयार झाला, असे मानून त्याच्या हाती प्रमाणपत्र देणाऱ्या प्रशिक्षणावर माझा विश्वास नाही, त्याचे मुख्य कारण हे दोन न वाचलेले आकडे आहेत.

काउंटरबॅलन्स प्रकारच्या फोर्कलिफ्टचे काम तराजूच्या दांडीसारखे चालते. पुढची चाके हा टेकू, एका बाजूला फोर्कवरचा, म्हणजे माल पेलणाऱ्या लोखंडी काट्यांवरचा माल आणि दुसऱ्या बाजूला गाडीचे स्वतःचे वजन व मागे बसवलेले अवजड काउंटरवेट. पाटीवरचे ५०० मिलिमीटर म्हणजे फोर्कच्या उभ्या पाठीपासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर. समजा, पुढच्या आसापासून फोर्कच्या पाठीपर्यंतचे अंतर ४५० मिलिमीटर आहे. म्हणजे पूर्ण क्षमतेचा माल टेकूपासून ९५० मिलिमीटरवर असतो. आता त्याच गाडीने १४०० मिलिमीटर लांबीची, सारखी भरलेली पेटी उचलली, तर गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर आणि टेकूपासून ११५० मिलिमीटरवर जातो, आणि त्रैराशिक मांडले की २५०० किलोची गाडी साधारण २०६५ किलोवर येते. हे गणित मी प्रत्येकाकडून कागदावर करून घेतो, पण ते केवळ समजण्यासाठी आहे, हेही लगेच बजावतो. किती माल उचलायचा याचा निर्णय पाटीवरून किंवा उत्पादकाच्या तक्त्यावरूनच झाला पाहिजे, कारण मास्ट, म्हणजे फोर्क वर नेणारा उभा खांब, जसजसा उंच जातो तसतशी क्षमता आणखी घटू शकते आणि माल दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या क्लॅम्पसारखे एखादे जोडयंत्र बसवले, तर ते स्वतःचे वजन तर घालतेच, शिवाय मालालाही पुढे ढकलते. जोडयंत्र बसवून जुनीच पाटी ठेवलेली गाडी दिसली, तर मी त्या गाडीवर सराव घेत नाही.

पुढे झुकण्याची भीती चालकांना निदान ऐकून माहीत असते. बाजूला कलंडण्याबाबत मात्र गैरसमजच अधिक आढळतात. गाडीला चार चाके असली, तरी मागचा आस मधोमध एका खिळीवर डुलत असल्याने तिचा खरा आधार तीन बिंदूंवर असतो: पुढची दोन चाके आणि ती खिळी. या त्रिकोणाच्या आत गुरुत्वमध्य असेपर्यंतच गाडी उभी राहते. माल नसताना गुरुत्वमध्य मागे, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो, आणि त्यामुळे रिकामी गाडी वेगात वळवताना बाजूला कलंडण्याचा धोका भरलेल्या गाडीपेक्षाही वाढू शकतो; त्यातच फोर्क वर उचललेले असतील, तर तो धोका आणखी वाढतो. "रिकामीच तर आहे" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्रिकोण शिकवायला घेतल्यावर पहिला प्रश्न मी याच वाक्यावर विचारतो.

गाडी कलंडू लागली की माणसाचे शरीर उडी मारायला धावते, आणि ज्या बाजूला गाडी पडते आहे त्याच बाजूला ते बहुधा झेपावते. डोक्यावरच्या संरक्षक जाळीखाली चिरडून झालेल्या मृत्यूंमागे बऱ्याचदा ही उडी असते. बसून चालवायच्या गाडीत सीटबेल्ट लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि पडण्याच्या विरुद्ध बाजूला झुकावे. हे सांगून भागत नाही. इंजिन बंद ठेवून उभ्या गाडीत चालकाला बसवावे आणि "डावीकडे!" असे ओरडताच त्याचे अंग उजवीकडे झुकेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घ्यावे. सुरुवातीला लोक हसतात, आणि हसू द्यावे. याउलट, मागून चढून उभ्याने चालवायच्या काही गाड्यांत मागच्या मागे बाहेर पडण्याची सूचना असते. एका प्रकारच्या गाडीवर मिळालेला परवाना दुसऱ्या प्रकारासाठी का चालत नाही, हे याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

पायी चालणाऱ्यांचा विषय प्रशिक्षणात शेवटी घाईने उरकला जातो, हे मला खटकते. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. त्यामुळे चालक समोर पाहत वळण घेत असताना गाडीचा मागचा भाग विरुद्ध दिशेला झपाट्याने बाहेर फेकला जातो, आणि तिथे रॅकला टेकून मोजदाद करत उभ्या असलेल्या माणसाला तो दिसतच नाही. अडीच टन क्षमतेची गाडी मालासह सहा टनांच्या आसपास भरते, आणि बहुतेक गाड्यांचे ब्रेक पुढच्या चाकांवरच असतात. म्हणून माल दृष्टीआड करत असेल, तर सपाटीवर गाडी उलटी चालवावी आणि कोपऱ्यावर वेग कमी करून हॉर्न वाजवावा. जमिनीवर निळा ठिपका टाकणारे दिवे उपयोगी आहेत, पण काही दिवसांत डोळ्यांना त्यांची सवय होते. चालण्याच्या वाटेला लोखंडी कठडा घालणे याला पर्याय नाही, आणि तो खर्च व्यवस्थापनाने करायचा असतो, चालकाने नव्हे.

उताराचा नियम छोटा आहे. माल असेल तर माल नेहमी चढाच्या बाजूला राहावा, म्हणजे चढताना पुढे आणि उतरताना उलटे. माल नसेल तर फोर्क उताराच्या बाजूला. उतारावर वळायचे नाही.

शिफ्टच्या सुरुवातीची तपासणी हा बहुतेक ठिकाणी खुणा करण्याचा सोपस्कार झाला आहे, म्हणून मी एकच गोष्ट नीट मोजायला लावतो. फोर्क जिथे काटकोनात वळतो, तिथे तो जमिनीवर घासून झिजतो. उभ्या भागाची जाडी कॅलिपरने घ्यावी, कारण तो घासला जात नाही, आणि मग वळणापाशी घ्यावी. पहिली ४० मिलिमीटर आणि दुसरी ३६ भरली, तर झीज दहा टक्के झाली. ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने ती सुमारे एकोणीस टक्क्यांनी गेली, आणि तो फोर्क आता बदलायलाच हवा. डोळ्यांना तो फोर्क धडधाकट दिसतो. आकडा स्वतःच्या हाताने काढलेला चालक पुढे तपासणीचा कागद न पाहता भरत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रमाणपत्र मिळाल्यानंतर काय, या प्रश्नाचे चांगले उत्तर अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमात सापडते. १९९८ च्या अखेरीस जाहीर झालेल्या आणि १९९९ पासून लागू झालेल्या या नियमानुसार वर्गातील शिक्षण, प्रत्यक्ष सराव आणि कामाच्या ठिकाणचे मूल्यमापन असे तिन्ही आवश्यक आहे, आणि दर तीन वर्षांनी किमान एकदा चालकाच्या कामाचे पुन्हा मूल्यमापन करावे लागते. मला त्यातला अधिक मोलाचा भाग वाटतो तो उजळणीच्या कारणांचा: अपघात झाला, थोडक्यात टळला, चालक धोकादायक पद्धतीने चालवताना दिसला, गाडीचा प्रकार बदलला किंवा जागेची परिस्थिती बदलली, तर तीन वर्षे थांबायचे नाही. थोडक्यात टळलेले अपघात कोणी आपणहून सांगत नाही, पण रॅकच्या खांबांवरचे ताजे ओरखडे सांगतात. नव्या ठिकाणी गेलो की मी आधी तेच पाहत फिरतो, आणि जिथे ते दाट असतात त्याच वळणावर सरावाचा मार्ग आखतो.

हे सगळे शिकलेल्या चालकाला दुसऱ्याच दिवशी सुपरवायझर म्हणतो, "ट्रक लागलाय, दोन पॅलेट एकदम उचल." त्या क्षणी चालकाने पाटीकडे बोट दाखवले, तर ऐकून घेणारा माणूसही पाटी वाचता येणारा असला पाहिजे. म्हणून प्रशिक्षणाचे काम घेताना सुपरवायझरही त्याच परीक्षेला बसतील, ही अट मी आधी लेखी घालतो. ती मान्य नसेल, तर मी ते काम घेत नाही.