हसणारे आणि मान डोलावणारे

टिंगल करणारा माणूस समोरच्याशी बोलतच नसतो. तो बोलतो बाजूला बसलेल्यांसाठी. आज जेवणाच्या सुट्टीत हे इतकं उघड दिसलं की घरी आल्याआल्या लिहायला बसलो.

आमच्यातली एक जण सांगत होती. पहाटे जाग आली, डोळे उघडे, खोली नेहमीचीच. पण हात हलेना, ओरडावं तर आवाज फुटेना. दाराशी कोणीतरी उभं आहे याची पक्की खात्री. मग ते जवळ आलं आणि छातीवर दाब आला. सांगताना ती हातातला चमचा नुसताच फिरवत होती. तेवढ्यात एकाने विचारलं, "मग भुताने हजेरीपटावर सही केली का?" हशा पिकला. तीही हसली. सगळ्यांच्या आधी हसायला लागली आणि सगळ्यांच्या आधी थांबली. मग तिची बाजू घ्यायला एक सज्जन पुढे सरसावले. "हसू नका रे. ज्याचा त्याचा अनुभव, ज्याची त्याची श्रद्धा. आपण कोण बोलणारे?" झालं, विषय संपला.

मला राग आला तो दोघांचाही, आणि खरं सांगायचं तर त्या सज्जनांचा जरा जास्तच. विनोद करणाऱ्याने निदान तिचं म्हणणं कानावर घेतलं होतं. यांनी तर 'आदर' नावाच्या कपाटात ठेवून वर कुलूप घातलं. एक प्रश्न कोणी विचारेल तर शपथ! पहाटेची ती भीती घेऊन ती आली होती, तीच घेऊन परत जागेवर गेली. वर एवढं शिकली की पुन्हा असलं काही कोणाला सांगायचं नाही.

तिला विचारण्यासारखं खूप होतं. उताणी झोपली होतीस का? त्या दिवसांत झोप पुरी होत होती का? कारण तिने जे सांगितलं ते झोपेचा अभ्यास करणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीचं आहे. ज्या झोपेत आपल्याला ठळक स्वप्नं पडतात, तिच्यात मेंदू शरीराचे बहुतेक स्नायू ढिले करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातल्या मारामाऱ्या खरोखरच करू. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायूंवरची पकड नंतर सुटते. तेवढ्या वेळात माणूस जागाही असतो आणि स्वप्नातही. दाराशी कोणीतरी असणं, छातीवरचं ओझं, श्वास कोंडणं, हे सगळं त्यात ठरल्यासारखं येतं. आधीच्या अनेक पाहण्या एकत्र करून २०११ मध्ये केलेल्या मोजणीत साधारण शंभरातल्या आठांना आयुष्यात कधीतरी हा अनुभव आल्याचं दिसलं. विद्यार्थ्यांत तर प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास होतं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये लोक म्हणतात छातीवर म्हातारी बसली, जपानमध्ये याला कानाशिबारी म्हणतात. कोण आलं होतं हे जागोजागी बदलतं. अंग जखडणं आणि छातीवरचा दाब बदलत नाही.

म्हणजे तिने सांगितलेली घटना खरी होती, तिने लावलेला अर्थ बहुधा चुकीचा होता. हसणाऱ्यांनी दोन्ही खोटं ठरवलं. मान डोलावणाऱ्यांनी दोन्हींना एकाच पिशवीत घालून नमस्कार केला.

संध्याकाळी जिना उतरताना मी तिला हे सगळं सांगितलं. ती मध्येच थांबून म्हणाली, "म्हणजे मला वेडबिड लागलेलं नाही ना?" तिचा खरा प्रश्न हा होता! भूत आहे की नाही यावर आम्ही जेवणाच्या टेबलावर बाजू वाटून घेतल्या आणि तिला धास्ती होती आपल्या डोक्याची. दाराशी कोण होतं, हेही तिने विचारलं. मी म्हटलं, घाबरलेला मेंदू धोका शोधतो आणि सापडला नाही तर रचतो. ती "असेल" म्हणाली. पटलेलं नव्हतं. नसेना का.

घरी येताना बिओ या फ्रेंच शास्त्रज्ञाची गोष्ट आठवली. १७६८ मध्ये फ्रान्समधल्या ल्यूसे इथे शेतात राबणाऱ्या लोकांनी मोठा गडगडाट ऐकला आणि आकाशातून धोंडा पडताना पाहिला. तो पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे गेला. तपासणाऱ्यांत लाव्हाझिए होता, म्हणजे त्या काळातलं रसायनशास्त्रातलं सगळ्यात तल्लख डोकं. निष्कर्ष निघाला की दगड आकाशातून आलेला नाही, जमिनीतच होता, त्यावर वीज पडली असावी. आकाशातून दगड पडतात म्हणे! शिकल्यासवरल्या लोकांच्या दृष्टीने ही अडाण्यांची बडबड होती. १७९४ मध्ये क्लाड्नी नावाच्या जर्मन माणसाने पुस्तिका काढून असे दगड अवकाशातून येतात असं मांडलं, तेव्हा त्याच्याही वाट्याला हेटाळणीच जास्त आली. मग २६ एप्रिल १८०३ रोजी नॉर्मंडीतल्या लेग्लच्या परिसरात सुमारे तीन हजार दगडांचा पाऊस पडला. सरकारने तरुण ज्यां-बाप्तिस्त बिओला पाठवलं. तो गावोगाव फिरला. वेगवेगळ्या धंद्यांतली, एकमेकांशी संबंध नसलेली माणसं गाठून काय दिसलं, काय ऐकू आलं, कुठून कुठे गेलं, हे विचारत राहिला. त्या भागात असे दगड आधी कोणाला दिसले होते का, आसपासच्या भट्ट्यांतून असा माल निघतो का, हेही त्याने पाहिलं. दगड कुठे कुठे पडले याचा नकाशा केला. त्यानंतर उल्कापाषाणांवर हसणं बंद झालं.

ही गोष्ट सांगितली की एखादा भुतांचा वकील लगेच उसळतो, "बघा, विज्ञानालाही उशिरा कळतं, उद्या आमचंही कळेल." तसं काही यातून निघत नाही. हसू झालेल्या बहुतेक गोष्टी तपासल्यावरही पोकळच निघाल्या आहेत. पण पोकळ आहेत हे कळलं तेही कोणीतरी बिओसारखं जाऊन विचारलं म्हणून.

त्याबाबतीत माझा आवडता माणूस म्हणजे इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे. १८५३ च्या सुमारास इंग्लंडात टेबल फिरवण्याचं खूळ आलं होतं. चार-सहा जण टेबलाभोवती बसत, हात वर टेकवत आणि थोड्या वेळाने टेबल सरकायला, फिरायला लागे. आत्मे म्हणा, वीज म्हणा, जो तो आपापलं कारण लावी. फॅरडेने हातांखाली पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवले, मध्ये मऊ चिकट मिश्रणाच्या गोळ्या, म्हणजे जोर लागला तर थर एकमेकांवरून जरासे सरकावेत. टेबल आपणहून हलत असेल तर खालचा थर आधी जाणार आणि हात मागून ओढले जाणार. हात ढकलत असतील तर वरचा थर पुढे. वरचा थर पुढे गेलेला निघाला. मग त्याने आणखी एक साधन केलं. दोन फळ्यांमध्ये काचेच्या कांड्या आणि वर एक हलकासा काटा, हाताचा जोर बाजूला गेला की तो कलणार. काटा बसणाऱ्यांना दिसत नसे तोवर टेबल चाले. दिसायला लागला की टेबल जागचं हलेना!

यात मला भावतं ते हे, की बसणारे लबाड आहेत असं त्याने धरलं नाही. प्रामाणिक, भली माणसंच त्याने प्रयोगाला घेतली आणि नकळत जोर लागतो हे त्यांचं त्यांना बघू दिलं. खोटं पाडण्यासाठी कोणाला खोटारडा म्हणावं लागलं नाही. अर्थात फॅरडे काही संत नव्हता. या प्रकाराला भुललेल्या जनतेबद्दल त्याने पुढे चांगलंच कडक लिहिलं आणि सुनावलं. आणि गंमत म्हणजे तो स्वतः एका लहानशा, कडव्या ख्रिस्ती पंथाचा मनापासूनचा अनुयायी. १८५४ च्या व्याख्यानात त्याने स्वच्छ सांगून टाकलं की धर्मश्रद्धेला मी हे तर्काचे निकष लावत नाही. मला हा अपवाद पटत नाही. पण त्यापायी त्याचा पुठ्ठ्याचा प्रयोग एक तसूही कमी ठरत नाही. 'श्रद्धाळू म्हणजे बुद्धी गहाण' असं म्हणणाऱ्याने फॅरडेला कुठे बसवायचं ते आधी ठरवावं.

हूदिनीचं प्रकरण याहून अवघड. जादूगार असल्यामुळे आत्मे बोलावणाऱ्यांच्या हातचलाख्या त्याला सहज दिसत आणि तो त्या रंगमंचावर उघड्या पाडी. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉइल त्याचा मित्र, आणि परलोकविद्येचा कट्टर प्रचारक. डॉइलचा मुलगा १९१८ मध्ये गेला होता, हूदिनीची आई १९१३ मध्ये. १९२२ च्या जूनमध्ये अटलांटिक सिटीत डॉइलच्या बायकोने हूदिनीच्या आईचा संदेश म्हणून कागदामागून कागद लिहून काढले. सुरुवातीलाच क्रॉस, आणि पुढे सगळं इंग्रजीत. आई ज्यू धर्मगुरूची बायको, इंग्रजी तिला जवळजवळ येतच नव्हतं. हूदिनी तिथे काही बोलला नाही. काही महिन्यांनी त्याने वर्तमानपत्रात लिहिलं की मला पटेल असं काहीही आजवर दिसलेलं नाही. मैत्री तुटली.

कोण चुकलं? मी हूदिनीच्या बाजूचा. तरी त्या खोलीत तो गप्प बसला हे मला बरं वाटतं. समोरची बाई लबाडी करत नव्हती. दोघं नवरा-बायको प्रामाणिक आहेत असं तो नंतरही म्हणत राहिला. आईची हाक खरी असती तर त्यालाही हवीच होती. अशा वेळी माणूस क्रॉसवरून विनोद करू शकत नाही, आणि 'तुमची श्रद्धा, तुमच्यापाशी' म्हणून कायमचा मूगही गिळू शकत नाही, कारण डॉइल तेच जगभर सांगत फिरणार होता. जाहीर दाव्याला जाहीर उत्तर मिळणारच. दुःखाची किंमत मैत्रीने मोजावी लागली, एवढंच.

आता, हसूच नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. १९८६ मध्ये जेम्स रँडी या जादूगाराच्या मंडळींनी अमेरिकेतल्या पीटर पॉपॉफ या धर्मोपदेशकाच्या सभेत रेडिओ लहरी पकडल्या. गर्दीतल्या आजाऱ्यांची नावं, पत्ते, दुखणी देव त्याच्या कानात सांगतो असा त्याचा आव. प्रत्यक्षात बायको पडद्याआडून चिठ्ठ्या वाचत होती आणि कानातल्या यंत्रात ते ऐकू येत होतं. रँडीने टीव्हीवर आधी नुसतं चित्र दाखवलं, मग तेच चित्र बायकोच्या आवाजासकट. लोक खदखदून हसले. हसायलाच हवं होतं! आजाऱ्यांच्या खिशात हात घालणाऱ्याला कसला आलाय आदर? पुढच्या वर्षी पॉपॉफने दिवाळखोरी जाहीर केली. काही वर्षांनी तो पुन्हा टीव्हीवर आला, हीही त्यातलीच गोष्ट. हसण्याने धंदा बुडाला, गरज बुडाली नाही. आणि त्या सभेत चाकाच्या खुर्चीतून आलेल्या बाईला कोणी हसलं असतं तर तो नीचपणा झाला असता. एकाच सभेत, दहा पावलांच्या अंतरावर.

धर्माचं म्हणाल तर त्यात आणखी एक पेच असतो. भुताबद्दल बोललं तर दुखतं ते एका माणसाला. धर्माबद्दल बोललं की त्याची आई, त्याचं लहानपण, त्याच्या घरातले मेलेले, सगळे एकदम उठून बसतात. म्हणून जपून बोलावं हे मान्य. पण याच नाजूकपणाची ढाल करून जे सत्तेवर बसलेत त्यांनी 'भावना दुखावल्या' म्हणायचं, हे मान्य नाही. ज्यांच्या धर्माला आधीच चार जण टोचतायत, त्यांच्यावर पाचव्याने विनोद करण्यात काय शौर्य? आणि ज्यांच्या एका इशाऱ्यावर माणसं तुरुंगात जातात, त्यांच्यावर विनोद केलाच पाहिजे. दोन्हीकडे वाक्य एकच असलं तरी.

विचार हाच नेम असला की चेष्टासुद्धा टिकते. अडीच हजार वर्षांपूर्वी झेनोफेनिस हा ग्रीक विचारवंत सांगून गेला की बैलांना, घोड्यांना हात असते आणि चित्रं काढता आली असती, तर घोड्यांनी घोड्यासारखे देव काढले असते आणि बैलांनी बैलासारखे. अजूनही हसू येतं. त्यात कोणा एकाचा अपमान नाही, पण एकदा ऐकलं की डोक्यातून जात नाही. आज टेबलावरचा हजेरीपटाचा विनोद उद्या कोणाला आठवणारही नाही. त्यात विचार करण्यासारखं होतंच काय?

राहता राहिला माझा एक जुना मित्र. मागे कुठल्याशा उपचारकाच्या सांगण्यावरून त्याने वडिलांच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. तेव्हा मला ना टिंगल सुचली ना आदर. फोन करून एवढंच म्हटलं, गोळ्या आजच्या आज सुरू कर, डॉक्टरांना विचार, बाकी तुला हवं ते कर. उपचारकाबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर संभाषण त्याच्याच बाजूला गेलं असतं आणि गोळ्या राहिल्या असत्या. गोळ्या सुरू झाल्या. तो उपचारही चालूच आहे म्हणे. त्यावरून आमची अजून जुंपते, आणि वडिलांची साखर ठीक आहे म्हटल्यावर मी त्या उपचारकाची मनसोक्त टर उडवतो. तो ऐकून घेतो, आणि मग मी दर वर्षी आणतो त्या जीवनसत्त्वांच्या बाटल्यांचा विषय काढतो.