घरातली सात मुलं आणि थोरलीची दहावी

आमच्या घरचं वेळापत्रक महापालिका ठरवते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, तेही कधी पहाटे, कधी रात्री. उजनी धरण काठोकाठ भरलं तरी आमच्या गल्लीला त्याचं सुखदुःख नाही. घरात तेरा माणसं: सासू-सासरे, आम्ही दोघं, धाकटे दीर, जाऊ आणि आम्हा दोघींची मिळून सात मुलं. पाण्याच्या दिवशी वह्या-पुस्तकं कपाटात जातात आणि सगळी फौज हौद, बॅरल आणि घागरींच्या मागे लागते.

मुलं शाळेत न जाता घरीच शिकत आली. असं सांगितलं की लोकांना वाटतं, दिवाणखान्यात फळा लावून मी तास घेत असेन. तसं काही नाही. एकदा आमचा तिसऱ्या नंबरचा मुलगा बादली आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच घेऊन नळाशी बसला. वीस लिटरची बादली पन्नास सेकंदांत भरली. मग दोनशे लिटरच्या बॅरलला आठ मिनिटं वीस सेकंद, असं त्याने खडूने भिंतीवर लिहून टाकलं. बॅरल भरायला त्याच्या दुपटीच्या वर वेळ लागला. पोरगं रडकुंडीला आलं. आकडेमोड बरोबर होती, पण मध्येच शेजारच्यांनी मोटर लावली होती. पुढच्या पाण्याला त्याने शेजारची मोटर चालू असताना आणि बंद असताना अशी दोन मापं घेतली. एवढं प्रमाण आणि वेग मला पुस्तकातून शिकवता आलं नसतं.

आम्ही लिंगायत. पहाटे अज्जी, म्हणजे सासूबाई, सगळ्यांना उठवते. अंघोळ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डाव्या तळहातावर इष्टलिंग, म्हणजे अंगावर बाळगायचं छोटं शिवलिंग, त्यावर बेलाचं पान. मोठ्यांची पूजा निवांत, धाकट्यांची भूक लागेपर्यंत. मग सासूबाई कन्नडमधून वचनं, म्हणजे शरणांच्या छोट्या रचना, म्हणतात आणि मुलं मागून म्हणतात. सासूबाईंची शाळा चौथीत सुटली, पण पाठांतर असं की मध्येच एखाद्याने ओळ गाळली तर भाकरी थापता थापता आतून ओरडतात. घरात बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी. रागवायचं कन्नडमध्ये, हिशेब मराठीत. थोरलीने ती वचनं आधी देवनागरीत उतरवून घेतली, मग अज्जांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तिच्याकडून पाटीवर कन्नड लिपी गिरवून घेतली. तिने ती पुढच्या दोघांना शिकवली, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. माझं कन्नड अजून दुकानाच्या पाट्या वाचण्यापुरतंच आहे.

पूजेनंतर कामं. कुणाला कामाचा कंटाळा आला की सासूबाईंचं एकच वाक्य: "सिद्धरामेश्वरांनी कुदळ घेऊन एवढं तळं खणलं, आन् तुमच्याच्यानं चार ताटं विसळवत नाहीत व्हय?" सिद्धरामेश्वर म्हणजे सोलापूरचं ग्रामदैवत, त्यामुळे यावर उत्तर नाही. जाऊबाईचा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा घरगुती धंदा आहे. ज्वारीची भाकरी पातळ थापून, तव्यावरून काढून मंद आचेवर पार वाळवायची. ओल राहिली तर चार दिवसांत बुरशी, जास्त वाळली तर पाकिटात चुरा. ज्वारी, शेंगदाणे, गॅस, पाकिटं यांचा दर भाकरीमागे किती खर्च येतो ही वही मोठ्या तिघांकडे असते. धाकटी जुळी पाकिटांवर तारखांची लेबलं लावतात, म्हणून त्यांना बारा महिन्यांची नावं पाढ्यांच्या आधी आली.

नातेवाईक म्हणतात, धर्माच्या नादाने पोरांना शाळेत घातलं नाही. ते निम्मं खरं आहे. थोरली बालवाडीत होती तेव्हा रिक्षा दारात यायची वेळ आणि पूजेची वेळ एकच. रोज अर्ध्यातून उठवायचं, रडवायचं, कोंबायचं. सासूबाईंना ते बघवेना. मला वेगळंच बघवत नव्हतं. घरी दिवसभर प्रश्न विचारणारी मुलगी तिथून येऊन गप्प बसायची. दोन कारणं जुळली आणि आम्ही पहिलीत नाव घातलंच नाही. एकट्या दुकट्या मुलाला घेऊन असं करायची माझी हिंमत झाली नसती. घरात इतकी माणसं होती म्हणून निभावलं.

४ जुलै २०१५ ला राज्यभर शाळाबाह्य मुलांचं एका दिवसाचं सर्वेक्षण झालं. गुरुजी आणि बाई अशी जोडी आमच्याकडेही आली. मी खरं ते सांगितलं. बाईंनी थोरलीला वाचायला सांगितलं, तिने त्यांच्याच हातातला फॉर्म वाचून दाखवला. फॉर्ममध्ये मात्र घरी शिकणाऱ्या मुलांसाठी रकाना नव्हता. बोटाला शाई लावून, चहा घेऊन दोघं गेले. त्या रात्री आमच्या ह्यांनी शिक्षण हक्क कायदा शोधून वाचून काढला. २००९ चा हा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. त्यातल्या दहाव्या कलमात मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न केलं तर पालकांना दंड किंवा कैद सांगितलेली नाही. घरी शिकवा असं त्यात कुठे नाही आणि शिकवू नका असंही स्पष्ट नाही. या फटीत आम्ही इतकी वर्षं राहिलो. ज्यांना घरशाळा सुरू करायची आहे त्यांनी हे समजून उमजून करावं. इंटरनेटवर "पूर्ण कायदेशीर" म्हणून छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात.

खरी धावपळ दहावीला. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याला आधीच्या शाळेचा दाखला लागतो आणि आमच्याकडे तर शाळाच नव्हती. राज्याच्या मुक्त विद्यालयाचीही चौकशी केली. शेवटी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था ठरली. १९८९ पासूनची केंद्र सरकारची संस्था, महाराष्ट्राचं काम पुण्याच्या विभागीय केंद्रातून चालतं. वय चौदा पूर्ण लागतं. आधी शाळेत गेलेलं नसलं तरी दहावीचा अभ्यास झेपेल इतकं शिक्षण झालं आहे असं स्वयंघोषणापत्र चालतं. पाच विषय, हवे तर आणखी दोन. सगळे विषय एका दमात द्यायची सक्ती नाही. नोंदणी पाच वर्षं चालते, एप्रिल आणि ऑक्टोबर अशा वर्षातून दोन परीक्षा होतात, पास झालेले विषय जमा राहतात. मोठ्या घराला याहून सोयीचं काही नाही. घरात कुणी ना कुणी आजारी असतंच, कुणाचं ना कुणाचं लग्न असतंच.

भाषेवरून मात्र घरात आठवडाभर धुमश्चक्री झाली. एक भाषा घ्यावीच लागते आणि दोनच्या वर घेता येत नाहीत. अकरावीत इंग्रजी सक्तीची, म्हणून इंग्रजी पक्की. उरली एक. सासूबाई म्हणाल्या कन्नड, हे म्हणाले मराठी. कन्नड हा विषय तिथे आहे, हे सासूबाईंना कुणी सांगितलं ते अजून कळलेलं नाही. मला संशय दिरांवर आहे. दोन दिवस अज्जी कुणाशी बोलल्या नाहीत. शेवटी थोरलीनेच सोडवलं. "अज्जी, बाकीचे पेपर मी मराठीत लिहिणार. तुझं कन्नड मला मार्कांसाठी नको, ते तसंच राहू दे." सासूबाईंनी यावर एवढंच म्हटलं की दुसरी नात कन्नड घेईल. त्यावर कुणी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मराठी, इंग्रजी, गणित, अर्थशास्त्र आणि गृहविज्ञान असे पाच विषय ठरले.

फॉर्म ऑनलाइन भरायला अर्धा तास पुरतो. कागद जुळवायला महिने लागतात. महापालिकेच्या जन्म दाखल्यावर तिच्या वडिलांच्या नावापुढे "अप्पा" होतं, आधारवर नव्हतं. आमच्याकडे निम्म्या पुरुषांच्या नावात अप्पा असतो आणि लिहिणाऱ्याच्या मर्जीने येतो-जातो. ते एकसारखं करण्यासाठी आधी ह्यांचं आधार, मग तिचं, मग रांग, मग सर्व्हर बंद, मग पुन्हा रांग. शाळेत जाणाऱ्या मुलांचं हे सगळं शाळेच्या दाखल्यावर निभावून जातं. घरी शिकणाऱ्याला जन्म दाखला हाच आधार, म्हणून त्यावरचं स्पेलिंग मूल रांगत असतानाच तपासून घ्या. आम्ही तेव्हाच उरलेल्या सहा जणांचेही दाखले काढून बघितले. तिघांचा अप्पा गायब होता.

या काळात एक गृहस्थ दुकानात आले. म्हणाले, अभ्यास केंद्र आपल्या ओळखीचं, असाइनमेंट आम्ही लिहून देऊ, मुलीने फक्त पेपरला बसायचं, नापास झाली तर पैसे परत. फॉर्मच्या फीच्या कित्येक पट रक्कम मागत होते. सासऱ्यांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि विचारलं, "मग पेपरला तरी तिनेच का बसायचं?" गृहस्थ पुन्हा आले नाहीत. अशी माणसं गावोगाव आहेत. फॉर्म संस्थेच्या वेबसाइटवर स्वतः भरता येतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

असाइनमेंट हाताने लिहून, स्कॅन करून अपलोड करायच्या असतात. त्यांना वीस टक्के वजन आहे. एप्रिलच्या परीक्षेसाठी त्यांची मुदत जानेवारीअखेर, आणि जानेवारी म्हणजे आमच्याकडे गड्ड्याची जत्रा, सिद्धरामेश्वरांची यात्रा. सोलापूरबाहेरच्यांना याचा अंदाज यायचा नाही. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, भोगीला सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा, संक्रांतीला होम, मग शोभेचं दारूकाम. सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, आणि त्यांच्या मागे बाराबंदी, म्हणजे पांढरा बंदांचा अंगरखा, घातलेला माणसांचा समुद्र. दीर नंदीध्वज पेलणाऱ्यांत असतात, त्यामुळे त्यांचा सराव आधीपासूनच चालू. विजापूर, अक्कलकोट, गुलबर्ग्याकडचे पाहुणे आठवडाभर मुक्कामाला. बाराबंद्या धुवायच्या, नीळ घालायची, इस्त्री करायची. शेंगा पोळ्यांचे डबे भरायचे. अशात थोरली जिन्याखालच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसून अर्थशास्त्र लिहीत होती. येणारा प्रत्येक पाहुणा वाकून बघायचा आणि "काय चाललंय?" विचारायचा. सातव्या-आठव्या पाहुण्यानंतर तिने पुठ्ठ्यावर "दहावी चालू आहे" असं लिहून टांगलं. गृहविज्ञानात घरखर्चाचं अंदाजपत्रक होतं, त्यात तिने त्याच आठवड्याचं खरं सामान लिहिलं: एवढ्या माणसांना किती ज्वारी, किती गूळ, किती शेंगदाणे. घरातली तीच एक असाइनमेंट सासूबाईंनी पूर्ण वाचून घेतली आणि गुळाचा आकडा दुरुस्त करायला लावला.

पेपर दोन परीक्षांत विभागून दिले. केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळालं आणि एप्रिल-मेचं सोलापूरचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. ओला टॉवेल, ताकाची बाटली, ओळखपत्र. तीन तास सलग बसून लिहायची सवय नसणं ही घरशाळेच्या मुलांची खरी अडचण आहे, बुद्धी वगैरे नंतर. शेवटचे दोन महिने आम्ही रोज घड्याळ लावून तिला एकाच जागी बसवत होतो आणि जुळ्यांना तेवढा वेळ गच्चीवर पाठवत होतो. गणितात ती जेमतेम तरली. गृहविज्ञानात आणि मराठीत चांगली चमकली.

सगळ्यांनाच हे मानवलं असं नाही. जावेचा मोठा मुलगा एका संध्याकाळी म्हणाला, मला वर्गात बसायचंय, क्रिकेटची टीम पाहिजे. जाऊबाई दोन दिवस डोळे पुसत होती. मला त्यात रडण्यासारखं काही दिसलं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाने त्याला वयाप्रमाणे थेट वर्ग मिळतो, आधीचा दाखला नसला तरी. पहिल्या शाळेत दाखल्याशिवाय दारातूनच परतवलं. दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी कलम न वाचताच घेतलं. आता तो डबा घेऊन जातो, आणि पहाटे सगळ्यांच्या आधी पूजा उरकतो, कारण रिक्षा येते.

२०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि थोरलीचा नंबर त्यातच आला. दहा कॉलेजांपर्यंत पसंती देता येत होती, तिने तीनच दिली, तिन्ही घरापासून चालत जाण्यासारखी. एनआयओएसच्या गुणपत्रिकेबरोबर स्थलांतर आणि बदलीचा एकत्र दाखला येतो, तोच शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या जागी चालतो. कॉलेजच्या खिडकीवर मात्र तो कागद तिघांनी उलटसुलट करून पाहिला. "शाळेचं नाव कुठंय?" तिने बोट ठेवून ओळ दाखवली, मी शेजारी नुसती उभी. कॉमर्सला प्रवेश झाला.

आता सासूबाईंच्या दुसऱ्या नातीचा दहावीचा फॉर्म भरायचाय. तिला कन्नड घ्यायचंय आणि विज्ञानही. प्रात्यक्षिकांसाठी अभ्यास केंद्राची प्रयोगशाळा कधी मिळेल याची विचारणा मी करून ठेवली आहे, उत्तर आलेलं नाही. सोमवारी पुन्हा फोन करणार, नाहीतर हे पुण्याला जाऊन येतील. तोवर अप्पाचं प्रकरण तिच्या कागदांतून मिटवून घ्यायचंय.