घड्याळाची नोंदवही: दोन रीसेट आणि हिरवा दिवा

मागच्या नोंदीत पट्टा आणि त्याच्या पिना बदलल्या, तेव्हा माझं स्मार्ट घड्याळ ठणठणीत होतं. या खेपेला पेशंट तोच, पण तक्रारी तीन. रात्रीत बॅटरी ढासळते. फोनवरचे मेसेज अर्ध्या अर्ध्या तासानं थव्यानं येतात. आणि पडद्याच्या उजव्या कडेला बोट लागत नाही. मॉडेलचं नाव सांगत नाही, कारण शेवटी दोष त्याचा निघालाच नाही. वेअर ओएसवर, म्हणजे गुगलच्या घड्याळांसाठीच्या प्रणालीवर चालतं, तीन वर्षांचं आहे, बॅटरी ३०० मिलिअँपिअर-तासांची, एवढं पुरे.

दिवस १

साधं रीस्टार्ट. मेनूतून, सभ्यपणे. फोन आपण अधूनमधून बंद करतो, पण घड्याळ मनगटावरून चार्जरवर आणि चार्जरवरून मनगटावर, एवढाच त्याचा प्रवास. माझं शेवटचं कधी बंद झालं होतं ते मला आठवतही नव्हतं. इतके दिवस सलग चाललं की एखादं ॲप घेतलेली मेमरी परत करत नाही, ब्लूटूथचा कारभार कुठेतरी अडकून पडतो. रीस्टार्टनं हे सगळं झटकलं जातं आणि तुमचा डेटा जागेवर राहतो. म्हणून पहिला उपाय हाच.

झालं, दुपारपर्यंत बरं वाटलं. संध्याकाळी मेसेजचा थवा आला. एकदम अकरा.

दिवस २

पडदा पूर्ण गोठला. वेळ १०:४२ वर थांबलेली, आणि मी मात्र ११:१५ च्या कॉलला उशिरा. जबरदस्तीचं रीस्टार्ट करावं लागलं: दोन्ही बटणं दाबून धरायची आणि घड्याळ थरथरून पडदा काळा होईपर्यंत सोडायची नाहीत. नवखे लोक इथे पाच सेकंदांत कंटाळतात. बहुतेक घड्याळांत दाबलेल्या बटणाचे सेकंद मोजायचं काम वीज सांभाळणारी चिप करते, प्रणाली नव्हे. त्यामुळे वरचं सगळं गोठलं तरी चिप आपली मोजत असते आणि वेळ भरली की वीज तोडते. जुन्या फोनची बॅटरी काढून परत घालायचो, तसंच हे.

इतरांसाठी: ॲपल वॉचला बाजूचं बटण आणि डिजिटल क्राउन (फिरवता येणारं गोल बटण) एकत्र, निदान १० सेकंद, लोगो दिसेपर्यंत. गार्मिनच्या बऱ्याच मॉडेलांत लाइटचं बटण १५ सेकंद धरलं की घड्याळ बंद होतं, मग पुन्हा चालू करायचं. आणि पडद्यावर अपडेटचं चक्र फिरत असेल तर कोणत्याही घड्याळाला हात लावू नका. अर्धवट लिहिलेली प्रणाली म्हणजे निस्तरायला महाकठीण प्रकरण.

चालू झालं. तक्रारी तीनही तशाच.

दिवस ३

आता अंदाज बंद, वही सुरू. रात्री घड्याळ चार्जरवर न ठेवता टेबलावर ठेवलं. झोपताना ९२ टक्के, आठ तासांनी ६१. म्हणजे ३१ टक्के गेले, ९३ मिलिअँपिअर-तास, सरासरी साडेअकरा मिलिअँपिअरच्या वर. टेबलावर नुसतं पडलेलं घड्याळ एवढं खात नाही. जुन्या वहीत याच घड्याळाची अशीच रात्र ५ टक्क्यांची आहे, म्हणजे दोन मिलिअँपिअरही नाही.

पुढच्या रात्री तेच, पण एअरप्लेन मोडमध्ये. गेले २९. इथे ब्लूटूथ आणि वायफाय दोघंही सुटले. बॅटरी म्हातारी झाली म्हणावं, तर म्हातारी बॅटरी क्षमता थोडी थोडी गमावते. तिचा खर्च एका महिन्यात सहापट होत नाही. कोणीतरी आत जागं राहून चरत होतं.

त्याच रात्री मुलगी पाणी प्यायला उठली आणि सकाळी म्हणाली, "आई, तुझं घड्याळ रात्री टेबलाशी कुजबुजत होतं. हिरव्या रंगात." मी हसले आणि सोडून दिलं. हे लिहिताना अजून स्वतःचा राग येतो.

दिवस ५

पहिला फॅक्टरी रीसेट. घाईत केला.

आधी नावाबद्दल. फॅक्टरी रीसेटनं घड्याळ कारखान्यातून निघालं तसं होतं, असं बहुतेकांना वाटतं. होत नाही. पुसला जातो तो तुमचा भाग: ॲप्स, सेटिंग्ज, खाती, जोडण्या. प्रणालीचा भाग वेगळा असतो, आणि त्यावर आजवर चढलेली अपडेट्स तिथेच राहतात. नव्या अपडेटनंतर बिघडलं म्हणून रीसेट करणारा माणूस त्याच अपडेटवर परत येतो.

माझी चूक दुसरीच होती. घड्याळासोबतचं ॲप फोनवर उघडून डेटा आधी ओढून घ्यायचा असतो. मी घेतला नाही. दोन दिवसांची पावलं आणि एक लांब चाल गेली. ज्यांच्या घड्याळात ई-सिम आहे त्यांनी रीसेटच्या वेळी येणारा प्लॅनबद्दलचा प्रश्न न वाचता 'हो' म्हणू नये. ॲपल वॉचवाल्यांनी जोडणी आयफोनवरून तोडावी. तसं केलं की बॅकअप आपोआप घेतला जातो आणि ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे घड्याळ मालकाच्या खात्याशी बांधणारं कुलूप, तेही निघतं. घड्याळातल्या सेटिंग्जमधून थेट पुसलं तर ते लॉक तसंच राहतं, आणि घड्याळ दुसऱ्याला द्यायचं असेल तर पंचाईत होते.

रीसेट संपला, घड्याळ भाषा विचारत उभं राहिलं, आणि फोन त्याला ओळखेना. जोडणी सुरू व्हायची आणि तुटायची. कारण साधं आहे, पण दर वेळी कोणीतरी यात अडकतं. पहिल्या जोडणीच्या वेळी फोन आणि घड्याळ मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघंही ती जपून ठेवतात. रीसेटनं घड्याळाकडची किल्ली पुसली, फोन मात्र जुनीच कवटाळून बसला. फोनच्या ब्लूटूथ यादीत जाऊन घड्याळाला 'विसर' म्हटलं, फोन एकदा रीस्टार्ट केला, आणि पहिल्या फटक्यात जोडलं गेलं.

मग बॅकअपमधून सगळं परत घेतलं. ॲप्स, टाइल्स, डायल, मांडणी, सगळं जिथल्या तिथे. फार बरं वाटलं.

दिवस ६

ये रे माझ्या मागल्या. रात्रीत २८ टक्के.

दिवस ७

खरं काम इथे सुरू झालं. पहाटे जाग आली, घड्याळ टेबलावर पालथं पडलेलं होतं, आणि त्याच्या कडेतून लाकडावर हिरवा उजेड सांडत होता. बारीक, थरथरता, थांबून थांबून. मुलीची कुजबुज.

हा नाडी मोजणारा दिवा. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं, म्हणून त्वचेवर हिरवा उजेड टाकून परत किती येतो ते घड्याळ मोजतं. ठोक्यागणिक रक्त वाढतं, परतणारा उजेड कमी होतो. मनगटावर नसताना घड्याळाला ते कळतं आणि हा दिवा विझायला हवा. माझा टेबलाची नाडी बघत होता.

म्हणजे सेन्सरला कोणीतरी सतत हाका मारत होतं. आणि तो जो कोणी होता, तो रीसेटमध्ये पुसला गेला होता आणि बॅकअपच्या गाडीत बसून परत आला होता. मीच तिकीट काढून दिलं होतं.

दुसरा रीसेट. या वेळी आधी सगळं सिंक केलं, अलार्म कागदावर उतरवले, बॅटरी ८० च्या वर नेली, आणि सेटअपमध्ये बॅकअपमधून सगळं परत घेऊ का असं विचारल्यावर नको म्हटलं. कोरं घड्याळ. प्रणालीसोबत आलेली डायल, एकही बाहेरचं ॲप नाही. बिघडलेल्या घड्याळाचा इलाज म्हणून रीसेटवर माझा आता फारसा विश्वास नाही, पण तपासणीची स्वच्छ जागा म्हणून तो अनमोल आहे. बॅकअप लगेच ओतला की ती जागाच जाते.

कोऱ्या घड्याळाची रात्र: ४ टक्के. टेबल अंधारात.

एक गोष्ट जाता जाता. रीसेटनंतरच्या पहिल्या चालीला जीपीएसनं फार वेळ घेतला, त्यानं घाबरू नका. उपग्रहांच्या कक्षांची साठवलेली माहितीही पुसली गेलेली असते. प्रत्येक उपग्रह स्वतःची नेमकी कक्षा दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, पण सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. एरवी फोन ही माहिती आयती पुरवतो. मी मोकळ्या आकाशाखाली तीन मिनिटं पुतळ्यासारखी उभी राहिले, काम झालं.

दिवस ८ ते १२

रोज एक गोष्ट चढवायची, रोज रात्री टेबलावर ठेवायचं, सकाळी आकडा लिहायचा. कंटाळवाणं काम आहे, पण घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते असंच कळतं.

धावण्याचं ॲप: ५. नोट्स आणि कॅलेंडर: ५. संगीताचं ॲप, ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त संशय होता: ४. त्याची मनातल्या मनात माफी मागितली. मग आवडती डायल, बाहेरून घेतलेली, दोन काटे आणि खाली नाडीचा आकडा. रात्री दिवे मालवून बघत बसले. दहाएक मिनिटांत टेबलाची कड हिरवी झाली. सकाळी: ३०.

पण एका रात्रीवरून कोणाला फाशी देऊ नये. डायल तशीच ठेवून तिची फक्त सेन्सरची परवानगी काढली. आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या, हिरवा उजेड विझला, रात्रीत ५. परवानगी परत दिली, उजेड परत. आता शंका उरली नाही. परवानगी कायमची काढली आणि डायल ठेवली, कारण काटे खरंच सुंदर आहेत. नाडी बघायला एक बोट सरकवावं लागतं, एवढंच.

दिवस १३

मेसेजचे थवे मात्र कोऱ्या घड्याळातही येत होते, म्हणजे त्यांचा घड्याळाशी संबंधच नव्हता. लक्षात आलं ते असं: सोबतचं ॲप फोनवर उघडलं की त्याच क्षणी मनगट थरथरायला लागायचं आणि साचलेलं सगळं भडाभड यायचं. फोनच्या सेटिंग्जमध्ये पाहिलं तर ॲप बॅटरी बचतीच्या यादीत. मागच्या सिस्टिम अपडेटआधी ते तिथे नव्हतं, एवढं मला पक्कं आठवतं. पडदा बंद झाला की फोन त्याला झोपवत होता. बंधन काढलं, संपलं. यासाठी मी घड्याळ दोनदा पुसलं होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दिवस १४

उरली उजवी कड. रीसेटनं न हललेली तक्रार म्हणजे हार्डवेअर, असं धरून मी स्पर्शाची काच बदलायच्या तयारीला लागले होते. त्याआधी एक चाचणी. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरचे पर्याय उघडतात. त्यात बोट कुठे पडलंय त्याची रेघ दाखवणारा एक पर्याय आहे. तो चालू करून कडेपासून आत गोगलगायीसारखं वेटोळं काढलं. उजवीकडे तीन वाजायच्या जागी रेघ तुटत होती. पुन्हा काढलं, पुन्हा तिथेच.

ते ठिकाण तिरकं धरून उजेडात पाहिलं. स्क्रीन गार्डची कड तिथे तांदळाच्या दाण्याएवढी उचललेली आणि खाली हवेचा चपटा बुडबुडा. स्पर्शाचा पडदा बोटामुळे बदलणारं विद्युतक्षेत्र ओळखतो; मध्ये हवेची फट आली की तो बदल क्षीण होतो. नखानं गार्ड सोलला. आवाज चांगला आला. वेटोळं काढलं, रेघ सलग.

गार्ड लावून चार महिने झाले होते, आणि दोष सुरू होऊन महिना. म्हणून माझा त्याच्यावर संशयच गेला नाही. कड हळूहळू उचलली असणार.

आजची स्थिती

डायल तीच, गार्ड नाही, बॅटरी रात्रीत ५ टक्के. संगीताचं ॲप निर्दोष. गेलेली चाल परत आली नाही, ती वहीत हातानं लिहून ठेवली. कोऱ्या घड्याळाचा नवा बॅकअप घेतला आहे आणि जुना पुसून टाकला, नाहीतर सहा महिन्यांनी मी तोच परत ओतणार हे मला माहीत आहे.

काल रात्री मुलगी पुन्हा पाणी प्यायला उठली. म्हणाली, झोपलंय.