शाळेतला टीव्ही, माझा फोन आणि फडावर गेलेले आईबाप

आमच्या शाळेत स्मार्ट टीव्ही आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण कुणीही पाहुणा आला की पहिला प्रश्न तोच असतो, "मग, शाळा डिजिटल झाली का?" झाली हो. लोकवर्गणी काढली, पुण्यात कामाला असलेल्या गावातल्या पोरांनी बऱ्यापैकी रक्कम टाकली, टीव्ही भिंतीवर लागला त्या दिवशी सरपंचांनी नारळ फोडला आणि फोटो सगळ्या ग्रुपवर फिरले. बीड जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, शिक्षक दोघं. पहिली-दुसरी आणि मुख्याध्यापकाचा चार्ज सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे.

आता टीव्हीचं खरं काय ते सांगते. लाईट असली तर तो चालतो. आमच्याकडे डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की नवी येईपर्यंत टीव्हीवर फक्त पाली फिरतात, पण तो विषय सोडा, त्यावर लिहायला बसले तर हा लेख संपायचा नाही. मला बोलायचंय ते लाईट असतानाच्या टीव्हीबद्दल. जलचक्राचा व्हिडिओ लावला, ढग आले, पाऊस पडला, नदी वाहिली, मागे छान म्युझिक, आणि एरवी एकमेकांच्या अंगावर पडणारी लेकरं एकदम हाताची घडी घालून गप्प. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं वा, काय शिस्त आहे. व्हिडिओ संपल्यावर विचारलं, काय कळलं रे? तर सगळे एका सुरात, "मॅडम, परत लावा!" हे दर वेळी होतं. टीव्ही बोलतो आणि लेकरं ऐकतात, म्हणजे आधी मी बोलायचे आणि ती ऐकायची त्याचंच रंगीत रूप झालं की हे. व्हिडिओ वाईट आहेत असं नाही, काही फारच सुंदर आहेत, पण ज्या मुलाला वाचताना अडखळायला होतं ते मूल व्हिडिओ बघून वाचायला लागत नाही, आणि आमच्याकडे अडचण नेमकी तीच आहे.

माझ्या वर्गात ज्या गोष्टीनं खरंच फरक पडला ती फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर. हसू नका. ज्याला नेट लागत नाही, लॉगिन लागत नाही, ओटीपी येत नाही, असा तो प्रत्येक फोनमध्ये फुकट पडून असलेला रेकॉर्डर. दोन वर्ग एकत्र सांभाळायचे म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत, चौथीला भागाकार सांगायचा म्हटलं की तिसरीनं काय करायचं हा प्रश्न रोजचाच. तर मी काय करते, तिसरीला बाहेर लिंबाखाली पाठवते, शाळेत कुणीतरी आणून दिलेले जुने दोन फोन आहेत ते देते, आणि सांगते की जोडीनं बसा, एकानं धडा वाचायचा, दुसऱ्यानं फोन धरायचा, सुरुवातीला स्वतःचं नाव आणि आजचा वार सांगायचा. बस. बाकी काही शिकवावं लागत नाही, फोन कसा चालवायचा हे तर तीच मला शिकवतील.

पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकताना त्यांची तोंडं बघण्यासारखी असतात. एक पोरगी तर रागावलीच, "हे मी न्हाई मॅडम, हे दुसरंच कोणीतरी बोलायलंय." तिचंही बरोबर आहे म्हणा, आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही आतल्या आत पोचतो, म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतलाच आवाज असतो. मी त्यांना बोटांनी कान बंद करून बोलायला लावलं. मग अख्खा वर्ग कान बंद करून स्वतःशी बोलत बसला, शेजारून सर डोकावून गेले की चाललंय काय.

पण गंमत पुढे आहे. मी कुणाला कधी "परत वाच" म्हणाले नाही, तीच ऐकतात आणि तीच म्हणतात, "थांब थांब, इथं मी अडकलो, परत करू." मी वर्गात उभं करून वाचायला लावलं आणि चूक काढली की मान खाली जाते, पुढच्या वेळी बोट वर येत नाही. इथं चूक काढणारं दुसरं कुणी नाहीच. एकेक उतारा चार-पाच वेळा वाचतात, आणि वाचनाचा वेग वाढायला तेच तर पाहिजे असतं, तोच मजकूर पुन्हा पुन्हा मोठ्यानं वाचणं. अर्थ कळायला वेग लागतोच, अक्षर अक्षर जुळवत वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरून जाते हो.

वाचन ऐकून चुका सांगणारी ॲप पण वापरून बघितली. कल्पना चांगली आहे, पण आमची लेकरं "पाणी"ला "पानी" म्हणतात तेव्हा मशीन त्यांना चूक देतं, आणि शेजारी पहिलीचा वर्ग पाढे म्हणत असला की त्याला काहीच ऐकू येत नाही. मला पानी चालतं. अर्थ कळला ना, मग ण यथावकाश येईल.

आता यातला आमच्या भागाचा भाग सांगते. आमचं गाव ऊसतोडीचं. दसरा-दिवाळी झाली की मुकादम ट्रक लावतो आणि टोळ्या निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी खाली कर्नाटकात, ते परत येतात मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, ती फेडायची असते. लेकरं काही बरोबर जातात, काही आजी-आजोबांपाशी राहतात. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, मूल गावातच थांबावं म्हणून, त्यामुळे राहणाऱ्यांचं प्रमाण बरं आहे. पण तंत्रज्ञानाच्या गप्पा मारणाऱ्यांच्या हे डोक्यातच येत नाही की घरात फोन एकच असतो आणि तो बापाबरोबर फडावर जातो. कोरोनात हे फार जवळून बघितलं. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते 1 डिसेंबर 2021 ला. या सगळ्या काळात सरकारचं अभ्यासाचं दीक्षा ॲप होतं, सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही अभ्यासाची मालिका लागायची, रोज व्हॉट्सॲपवर अभ्यास यायचा, आणि मी तो इमानेइतबारे पुढे ढकलायचे. दिवाळीपर्यंत तरी निम्म्या घरांत पोचायचा. दिवाळीनंतर तो अभ्यास पोचायचा थेट उसाच्या फडात, आणि लेकरू इकडं आजीजवळ!

तेव्हाच डोक्यात आलं की फोन तिकडं आणि लेकरू इकडं, तर आपण उलटं करू. लेकराचा आवाज तिकडं पाठवू. आईबापाला मेसेज लिहून पाठवला तर बऱ्याच घरांत तो वाचलाच जात नाही, विशेषतः आयांना वाचता येत नाही, पण ऐकायला काय लागतं? म्हणून शाळा सुरू झाल्यावर दर शनिवारी मी ज्यांचे आईबाप बाहेर आहेत त्या लेकरांना माझ्या फोनवरून एक व्हॉइस मेसेज पाठवू देते. अट एकच, आधी पुस्तकातलं काहीतरी वाचून दाखवायचं, मग काय बोलायचं ते बोला. कविता वाचतात, मग लगेच "मम्मी, आजीला दोन दिस ताप होता, आता बरीय, शेळीला पिल्लू झालं, ठिपक्याचं आहे" असं सगळं एका श्वासात. व्हॉइस मेसेजची फाईल अगदी छोटी असते, फडावर रेंज असो-नसो, जेव्हा मिळेल तेव्हा पोचते, व्हिडिओ कॉलसारखं त्याच वेळी दोन्हीकडं नेट लागत नाही.

तिकडं उत्तर यायला वेळ लागतो. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, लाईट नसते, फोन चार्ज करायला गावातल्या एखाद्या टपरीवर ठेवतात, दिवसभर तोडणी आणि रात्री-अपरात्री गाडी भरायची वेळ येते, त्यातून कधीतरी फोन हातात येणार. लेकरांना हे सगळं माहीत असतं, पण सोमवारी आल्या आल्या पहिला प्रश्न, "मॅडम, माईक निळा झाला का?" व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज समोरच्यानं ऐकला की तो छोटा माईक निळा होतो ना, ते यांनी माझ्याही आधी शोधून काढलंय. निळा झाला असेल तर पोरगं दिवसभर वर्गात राजासारखं वावरतं. नसेल झाला तर मी फोन खिशात घालून म्हणते, अरे चार्जिंग नसेल.

आणि आयांची उत्तरं. एका आईनं पोराची कविता ऐकून सांगितलं होतं, "ते मधी अडखळलास, तिथं नीट म्हण की." तिला स्वतःला सही येत नाही. पण ऐकून कळलं तिला अडखळला ते. पुढच्या शनिवारी या पठ्ठ्यानं तीच कविता परत वाचली, मी नवीन घे म्हणत होते तरी नाही, तीच. माझ्या शेऱ्यावर त्यानं इतकी मेहनत कधी घेतली नव्हती, खोटं कशाला बोलू.

टीव्ही अगदीच वाया गेला असं नाही बरं का. तो मी फळ्यासारखा वापरते. गुगल अर्थ उघडते आणि आधी आपलं गाव शोधायला लावते. तिसरीला नकाशा शिकवताना दिशा पाठ करून घेण्यापेक्षा हे शंभर पटीनं चांगलं. एकदा गाव सापडल्यावर अशी भांडणं लागली की काही विचारू नका, शाळेवर पत्रे दिसत होते का कौलं, पाझर तलाव कुठं गेला, आणि एकजण ठामपणे म्हणाला, "मॅडम, हा फोटो उन्हाळ्यातला आहे, वढ्याला पाणी न्हाई आन् रानात काहीच हिरवं न्हाई." दुसरा म्हणाला तलाव व्हायच्या आधीचा आहे, म्हणजे जुना आहे. उपग्रहाचं चित्र म्हणजे आत्ता या क्षणाचं नाही, ते कधीतरी काढलेलं असतं, हे मला सांगावंच लागलं नाही.

मग तिथूनच एकीनं विचारलं, माझी आई कुठंय? कारखान्याचं नाव तिला पाठ होतं. शोधला. वरून कारखाना दिसतो, भोवती नुसते उसाचे हिरवे तुकडे आणि मधून जाणारे रस्ते. गाव ते कारखाना अंतर मोजलं, अंतर मोजायची पट्टी असते त्यात, सरळ रेघ अडीचशे किलोमीटरच्या आसपास आणि रस्त्यानं तीनशेच्या वर. "दोन वेगळे कामून आले?" हा प्रश्न चौथीच्या पोरानं विचारला आणि माझा तास तिथंच वसूल झाला. मग प्रत्येकाचा कारखाना, प्रत्येकाचं अंतर, कुणाची आई सगळ्यात लांब, कुणाची जवळ, वजाबाक्या किती झाल्या त्याला गणती नाही. जिची सगळ्यात लांब होती ती थोडी गप्प झाली होती, म्हणून मी घाईनं अपूर्णांकांकडं वळले. त्यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची सिम्युलेशन्स आहेत, मराठीतही आहेत, एकदा घरी डाउनलोड करून पेनड्राइव्हवर किंवा लॅपटॉपवर घेतली की नेटशिवाय चालतात. ज्या शिक्षकांनी बघितली नसतील त्यांनी जरूर बघा, लेकरं स्वतः हातानं भाकरीचे, म्हणजे तिथं वर्तुळाचे, तुकडे करून बघतात.

2020 मध्ये रणजितसिंह डिसले सरांना ग्लोबल टीचर प्राइज हा शिक्षकांसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हापासून आम्हा झेडपीवाल्यांना एक वाक्य सारखं ऐकायला मिळतं, "बघा त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड केले, तुम्ही काय केलं?" सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीची शाळा तेव्हा त्यांची, अभिमान आहेच. पण क्यूआर कोड म्हणजे नुसतं दार हो. त्यांच्या मुलांची घरची भाषा कन्नड, म्हणून ते ती भाषा शिकले आणि त्या मुलांना कळेल असं कोडमागं ठेवलं, हे कुणी सांगत नाही. आता सगळ्या पुस्तकांवर कोड आहेत आणि माझ्या वर्गात स्कॅन करायला फोन माझाच.

आणि माझ्या फोनचं म्हणाल तर त्याचा निम्मा दिवस माहिती भरण्यातच जातो. हजेरी ऑनलाईन, खिचडी किती जणांनी खाल्ली ते ऑनलाईन, चाचणीचे गुण ऑनलाईन, झाड लावलं त्याचा फोटो, हात धुतले त्याचा फोटो, फोटोवर ठिकाण आणि वेळ आलीच पाहिजे. माहिती लागते हे मान्य, पण तीच माहिती तीन ठिकाणी का लागते ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. दुपारी सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री जेवण झाल्यावर भरत बसते, घरचे म्हणतात शाळा सुटली की नाही तुझी. शिकवण्यासाठी फोन हातात घेतला तर कुणी बघत नाही, पण हजेरी भरायला अकराच्या पुढे गेलं की लगेच फोन येतो.

एआयला गोष्टी लिहायला सांगून बघितल्या, बघायला काय जातं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गोष्ट दे म्हटलं तर पोरगं उसाच्या मळ्यात फुलपाखरांशी खेळतं आणि आई संध्याकाळी हसत घरी येते. माझ्या वर्गात वाचली, एकजण म्हणाला, "मॅडम, वाढं लागून हात चिरत न्हाई का त्याचा?" वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याची पानं. मग आम्हीच ती गोष्ट दुरुस्त केली, लेकरांनी तोंडी सांगितलं, रेकॉर्ड केलं, मी रात्री ऐकून उतरवून काढलं, आणि आता ते आमचं वाचनाचं पुस्तक आहे, झेरॉक्स काढून स्टेपल केलेलं. बालभारतीच्या पुस्तकाइतकंच फाटलंय, म्हणजे वाचलं जातंय.

कुणाच्या घरी स्क्रीन तडकलेला का होईना पण माईक आणि स्पीकर चालू असलेला जुना फोन पडून असेल तर जवळच्या झेडपी शाळेत नेऊन द्या, आमच्याच शाळेत असं नाही, कुठल्याही. सिम नको, रिचार्ज नको. फक्त आपला डेटा पुसून द्या आणि बॅटरी फुगलेला फोन देऊ नका, लेकरांच्या हातात जातो तो. आणि ऊसतोडीच्या गावातली शाळा असेल तर दिवाळीच्या आधी द्या, म्हणजे टोळ्या निघायच्या आत आईबापांचे नंबर आणि कोणाचा फोन कोणाबरोबर जाणार ते लिहून घेता येतं, नंतर शोधत बसावं लागतं.